मिठाचं पाकीट

वेंगुर्ल्याहून मठाकडे जाणाऱ्या रस्त्याला
पत्र्याच्या शेडात मी काट्यावर बसतो.
बायका सोललेला काजूगर आणून ओततात,
मी आकडा वाचतो, वहीत लिहितो.
एवढंच काम. सतरा वर्षं.

अख्खा गर वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा.
बी फोडताना कटर जरा वाकडा पडला
की अख्ख्याचा तुकडा होतो
आणि बाईच्या दिवसाचाही.

टरफलातलं तेल आधी बोटांना चिकटतं,
मग कातडीत शिरतं, मग कातडीच नेतं.
राख लावतात, खोबरेल लावतात.
शेवंती म्हणते, मिठाची चिमूट आता बोटांना कळत नाही,
सारात कधी जास्त, कधी काहीच नाही.

हातमोजे आले होते एकदा, खोकाभर,
सगळे उजव्या हाताचे.

प्रथमोपचाराची पेटी आहे. तिला कुलूप आहे.
किल्ली शेठकडे, शेठ कुडाळात.
सत्यवती धुरीच्या बोटाचं टोक गेलं त्या दुपारी
हळद मिळाली शेजारच्या खानावळीत.
टोक बियांच्या ढिगात. कुणी शोधलं नाही.

गणपती झाल्यावर अंगठ्याचं यंत्र आलं.
शेवंतीनं अंगठा ठेवला.
यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.
पदराला घासून ठेवला, थुंकी लावून ठेवला.
पुन्हा प्रयत्न करा.
एकवीस बायका रांगेत
आणि यंत्राच्या लेखी शेड रिकामी.

महिनाअखेर शेठनी यंत्राचं ऐकलं, हजेरीचे पैसे कापले.
नऊ दिवस सत्यवती आलीच नव्हती म्हणे.
त्या नऊ दिवसांत तिनं सोललेला गर मात्र
मुंबईला पोचला होता.

माझा अंगठा पहिल्याच वेळी लागतो.

वाटलं होतं, भांडण होईल. झालं नाही.
सोमवारी येताना शेवंती मोचेमाडकरनं
नाक्यावरच्या दुकानातून एक किलो मीठ आणलं.
सीलबंद.
गर ओतायच्या आधी ते माझ्या काट्यावर ठेवलं
आणि मागे सरून उभी राहिली.

आकडा थरथरला, थांबला.
आठशे ऐंशी.

कुणी ओरडलं नाही. कटरांचा आवाज थांबला, तेवढाच.
"झिला," शेवंती म्हणाली, "मीठ खोटा बोलाचा नाय.
मगे कोण बोलता?"

खाऱ्या वाऱ्यानं काटा बिघडला असेल,
हे वाक्य शेठनी मला तेव्हाच शिकवून ठेवलं होतं,
काट्यामागचं बटण दाखवलं त्या दिवशी.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याची गरज पडली
आणि ते टाळूला चिकासारखं चिकटलं.

किलोमागे एकशे वीस ग्रॅम.
गुणाकार मला येतो. वही माझीच आहे.

मी काटा फिरवला,
बटण सगळ्यांना दिसेल असा.
यापेक्षा जास्त काही केलं नाही, उगाच मोठेपणा नको.

शेठ आले, सरपंच आले, चहा आला.
रोझालिननं कप घेतला नाही,
मग कुणीच घेतला नाही.
एकवीस कपांवर साय धरली.
संध्याकाळपर्यंत जुनी हजेरीवही परत आली.
नऊ दिवस आले.
सतरा वर्षं आली नाहीत.

पाकीट अजून काट्याजवळच्या फळीवर असतं.
त्याच्यावरची छापील अक्षरं
हाताळून हाताळून पुसत चाललीत.
दर सोमवारी कुणीतरी ते ठेवतं,
मी मोठ्यानं वाचतो: एक किलो.
मागच्या रांगेतल्या नव्या पोरीही मान वर करतात.

काल शेवंतीनं पाकीट उचलून जागेवर ठेवलं
आणि दोन्ही हात उताणे करून माझ्यापुढे धरले.
काळे. गुळगुळीत. रेघ नाही.

"आता डाव्या हाताचे मोजे," म्हणाली.
"लिव वहीत."